शिकाऊ बाईंचा परीक्षेचा पाठ

"बाई, तुम्ही खऱ्या बाई कधी होणार?"

प्रश्न विचारला तोफेने. तोफ म्हणजे नववीच्या वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. आदल्या दिवशी डबा खाताना तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती, "परीक्षक बसलेले असताना विचारून दाखव, तर तू खरी." त्यात काय, असं तोफ म्हणून बसली होती. आता माघार घ्यायची म्हणजे आपलंच नाक कापून घ्यायचं.

वर्गात खसखस पिकली. शिकाऊ बाई टेबलाशी उभ्या होत्या, समोर पाण्याचा ग्लास आणि त्यात तिरकी ठेवलेली पेन्सिल. पदवी झाल्यावर त्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घेत होत्या, त्यासाठीच दोन महिने या वर्गाला विज्ञान शिकवत होत्या आणि हा त्यांचा शेवटचा, परीक्षेचा पाठ होता. मागच्या भिंतीशी परीक्षक बसले होते. नाकावर माशी बसली तरी चेहरा हलणार नाही असे.

या पाठांची एक रीत असते आणि ती एव्हाना मुलांनाही माहीत झाली होती. धड्याचं नाव बाईंनी स्वतः सांगायचं नाही. एकेक प्रश्न विचारत ते मुलांच्याच तोंडून काढायचं. पेन्सिल कशी दिसते? मोडल्यासारखी. मोडली आहे का? नाही. मग अशी का दिसते? गाडी इथवर छान आली होती. पुढचं उत्तर होतं अपवर्तन, आणि ते तोफेला चांगलं येत होतं. तिचा हात वर गेला तसा बाईंचा जीव भांड्यात पडला. "हं, सांग," त्या म्हणाल्या. आणि तिने तो पैजेचा प्रश्न विचारला.

बाईंनी ग्लास उगाच जरासा सरकवला. "ते आजच ठरणार आहे," त्या म्हणाल्या. मग फळ्याकडे वळल्या आणि भल्यामोठ्या अक्षरांत स्वतःच लिहून मोकळ्या झाल्या: प्रकाशाचं अपवर्तन.

शेवटचं अक्षर लिहून झालं तेव्हा कुठे त्यांना आपण काय केलं ते कळलं. मागे परीक्षकांचं पेन भराभरा चालत होतं. उरलेला तास बाई पुस्तकातलं पाठ म्हणावं तशा बोलत राहिल्या. ग्लासकडे त्यांनी पुन्हा बघितलंसुद्धा नाही.

तोफ काही जन्मापासून तोफ नव्हती. दोन महिन्यांपूर्वी तिचं हजेरीतलं "हजर" शेजारणीलाही ऐकू जात नसे. एकदा बाईंनी तिला व्हरांड्यात गाठलं. "शेजारणीच्या कानात जे प्रश्न विचारतेस, ते मलाही ऐकव की. चुकलं तर चुकलं, मी आहे ना." तिने घाबरत घाबरत एक विचारला. बाई म्हणाल्या, "मला नाही माहीत, उद्या शोधून सांगते," आणि खरंच सांगितलं. मग काय, बांधच फुटला. तोफ हे नावही बाईंनीच ठेवलेलं.

मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी तिची पाठ थोपटली. "मानलं बुवा तुला. बाईंचं तोंड पाहिलंस?" तिने पाहिलं होतं. तेच तर डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

बाई रिकाम्या वर्गात तक्ते गुंडाळत होत्या.

"बाई, ती पैज होती."

"असं होय."

"मला उत्तर येत होतं."

"माहीत होतं गं. म्हणून तर तुला उठवलं."

याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता काय होणार?"

"फेरपाठ. सुट्टी लागली की आमच्या कॉलेजात. तेव्हा शाळा बंद, म्हणून मुलं आपली आपण जमवायची." बाई हसल्या, पण ते हसू ओठांतच विरलं. "सुट्टीत कोण येतंय शिकायला? तू आली असतीस?"

बाईंनी तक्त्याला रबर लावलं. "जा, पुढचा तास सुरू होईल." या वेळी त्या तिला "तोफ" म्हणाल्या नाहीत.

घरी आई मामाकडे जायची बॅग भरत होती. बस चालवून आलेले बाबा पाय लांब करून बसले होते.

"माझे कपडे काढ त्यातून," ती म्हणाली. "मी येत नाही."

"का? मामाने काय घोडं मारलंय तुझं?" बाबांनी विचारलं.

"मामाने नाही, मी मारलंय." आणि तिने सगळं सांगितलं, पैजेपासून रबर लावण्यापर्यंत.

आई जवळ आली. "अगं, जाऊन सांगितलंस ना त्यांना? मग झालं."

"नाही झालं, आई. त्यांचं वर्ष अडकलंय."

"तू एकटी जाऊन काय करणार?"

"एकटी नाही. तुम्ही दोघं जा, मी मावशीकडे राहते. उद्यापासून घरोघर फिरून मुलं जमवणार. पैज लावणाऱ्या तिघी येणारच आहेत, फक्त त्यांना अजून माहीत नाही. आणि बाईंना माझं तोंड बघायचं नसेल तर मी बाहेर पायरीवर बसेन. पण आत वर्ग भरलेला असेल."