रंगाखाली काय होते?

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. माझा रंग निळा आहे, पण हा माझा दुसरा निळा. पहिला बराच गडद होता, हे मला पुष्कळ उशिरा कळले. स्वतःविषयीच्या बऱ्याच गोष्टी मला उशिराच कळल्या. त्या कशा कळल्या, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा दाबला, वाकवला, जोडला आणि मला आकार आला. त्या गोंगाटातली एक बाई मला अजून आठवते. तिचे काम एअरबॅग बसवण्याचे. स्टिअरिंगच्या मधोमध असलेल्या डबीत तिने ती घडी केलेली पिशवी ठेवली, झाकण दाबले आणि हळूच म्हणाली, "झोप आता. तुझ्यावर उठायची वेळ न येवो." असे ती प्रत्येक गाडीला म्हणत असणार, पण मला वाटले, फक्त मलाच म्हणाली.

माझ्या आत एक छोटा संगणक आहे. अंगात कुठे काय चालले आहे, हे तो तारांमधून विचारून घेतो आणि मला सांगतो. तो सांगेल ते मी खरे मानते, कारण माझे पोट मला आतून दिसत नाही. तुम्हाला तरी तुमचे कुठे दिसते? आणखी एक गोष्ट आहे. बॅटरीची तार काढली की मला ना दिसते, ना ऐकू येते. तार पुन्हा जोडली की जाग येते. मधल्या काळात माझे काय झाले, याचा मला पत्ता नसतो.

माझे पहिले मालक गुरांचे डॉक्टर होते. चिखलाचे बूट, औषधांची पेटी आणि लांब दोऱ्या घेऊन आम्ही खेड्यापाड्यांतून हिंडत असू. एकदा मागच्या सीटवर नुकतेच जन्मलेले करडू होते. त्याने सीट ओली केली, तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. "बोहनी झाली तुझी," असे मला म्हणून मोठ्याने हसले.

मग तो चौक आला. डावीकडून एक मालट्रक सुसाट आला आणि माझ्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर आदळला. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पट्ट्याने डॉक्टरांना सीटशी घट्ट ओढून धरले. पिशवी फुगून त्यांच्या तोंडासमोर आली. त्यांच्या खांद्याचे हाड मोडले, पण जीव वाचला. पुढे ते हात गळ्यात बांधून गॅरेजमध्ये मला बघायला आले. माझ्या चेमटलेल्या बॉनेटवर तळवा ठेवून म्हणाले, "वाचवलंस बाई मला."

मित्रांनो, एवढे कौतुक पुन्हा कधी माझ्या वाट्याला आले नाही.

शेजारी उभा असलेला गॅरेजवाला म्हणाला, "हिची दुरुस्ती परवडायची नाही. भंगारातच जाईल." कोणीतरी बॅटरीची तार काढली आणि सगळे अंधारले.

जाग आली ती एका लखलखीत दुकानात. अंगाला ताज्या रंगाचा वास येत होता. काचा इतक्या स्वच्छ होत्या की त्यांत छतावरचे दिवे मोजता आले असते. मी लगेच संगणकाला विचारले, "पिशवी आहे का?" तो म्हणाला, "आहे." "पट्टे?" "आहेत." मी निर्धास्त झाले. मला बरे केले तरी कोणी, एवढेच कुतूहल मनात राहिले.

दुकानदार मोठा गोडबोल्या होता. गिऱ्हाईक आले की माझ्या छपरावर थाप मारून म्हणायचा, "एकही अपघात नाही. घरात जपून वापरलेली गाडी. डोळे मिटून घ्या!" आणि एक दिवस खरोखरच एका कुटुंबाने मला घेतले.

त्या घरातली सून मुलांची श्रवणशक्ती तपासायची. दवाखान्यातली मुले तिला कानताई म्हणत. तिच्या नवऱ्याचे चष्म्याचे दुकान होते. सासूबाई म्हणत, "आमच्या घरात कान हिच्याकडे, डोळे ह्याच्याकडे." त्यावर नवरा म्हणे, "आणि तोंड?" मग सासूबाईच सगळ्यांत आधी हसत.

पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर वेग घेतला, तेव्हा कानताईने मान तिरकी केली.

"ऐकलंस?"

"काय?" नवऱ्याने विचारले.

"शिट्टी. बारीक आहे. डावीकडून येतेय."

"जुनी गाडी आहे गं. वाजवू दे तिला शिट्टी. हौस असेल."

पण कानताईला स्वस्थ बसवेना. दुसऱ्या दिवशी तिने डाव्या दाराच्या फटीवर चिकटपट्टी लावली आणि मला त्याच वेगात पळवले. शिट्टी तशीच. मग पट्टी थोडी पुढे सरकवली. असे करत करत पुढच्या काचेशेजारच्या, छप्पर पेलणाऱ्या खांबापाशी पट्टी पोचली आणि शिट्टीचा सूर एकदम बदलला. "सापडलीस!" असे म्हणून तिने टाळी वाजवली. मला गंमतच वाटली. मीही संगणकाला विचारले, "तिथे काय आहे रे?" तो म्हणाला, "तिथे माझी तारच जात नाही. मला काय माहीत?"

नवरा खाली वाकून एक डोळा मिटून बघत राहिला. त्याची चेष्टा थांबली. "फट वर अरुंद आहे आणि खाली रुंद," तो म्हणाला. "दार तिरकं नाहीये. दाराची चौकटच तिरकी आहे."

"म्हणजे काय झालं असेल हिला?"

"काय की. दाखवू एकदा कोणाला तरी."

पण दाखवण्याआधीच ती दुपार आली. सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचे होते. त्या माझ्या डाव्या सीटवर बसल्या.

"आई, पट्टा लावा."

"मी काय पळून चाललेय?" असे म्हणत त्यांनी पट्टा लावला.

शाळेजवळच्या गल्लीतून एक सायकलवाला अचानक समोर आला. कानताईने ब्रेक दाबला. मी जागच्या जागी थांबले आणि सायकलवाला सुखरूप निघून गेला. पण पट्टा थांबला नाही. लोकरीच्या गुंड्यातून धागा सुटावा तसा तो सरसर सुटत गेला आणि सासूबाईंचे कपाळ समोरच्या डॅशबोर्डच्या कडेवर आपटले.

कानताईने मला रस्त्याकडेला घेतले. सासूबाईंच्या कपाळावर टेंगूळ आले होते. ते चाचपत त्यांनी पट्ट्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "रोज लावत नाही म्हणून तुझी बोलणी खाते. आज लावला, तर मेल्याने हात सोडला."

कानताईने पट्टा हातात धरून जोरात हिसडा मारला. जागीच अडकायला हवा होता, तो मऊपणे बाहेर आला. पुन्हा हिसडा मारला. पुन्हा आला. तिचा चेहरा मी आरशात पाहिला. तिने तिथेच किल्ली काढून घेतली आणि मला ओढून नेणारी गाडी बोलावली.

मला एका तंत्रविद्यालयाच्या कार्यशाळेत नेले. तिथे गाड्या तपासणाऱ्या इंजिनिअर बाई होत्या. त्यांनी फडक्यात गुंडाळलेले एक लोहचुंबक नवऱ्याच्या हातात दिले. "हळूहळू फिरवा. पत्रा असेल तिथे चिकटेल."

उजव्या बाजूला ते चिकटले. डाव्या बाजूला खांबाजवळ नेले, तर टपकन खाली पडले. नवऱ्याने पुन्हा लावले. पुन्हा पडले.

"इथे पत्रा नाही?"

"आहे, पण खूप आत. वर जाड लांबी भरलीय. भिंतीची भोकं बुजवतात ना, तशी."

बाईंनी आतले अस्तर काढले आणि एक छोटी खिडकी कापली. टॉर्च मारून सगळे आत डोकावले. मला तेवढे दिसले नाही, पण ऐकू आले. खांबाच्या पोकळीत पिवळा फेस भरला होता. पुढचा धक्का सोसणारी जाड तुळई कापून तिला दुसऱ्याच कुठल्या गाडीचा तुकडा जोडला होता, तोही नुसते चार ठिकाणी वेल्डिंगचे डाग देऊन. पट्टा ओढून धरणारी यंत्रणा अपघातात एकदा उडाली होती, आणि एकदा उडाली की ती बदलावीच लागते. तिच्याऐवजी आत नुसती स्प्रिंग होती.

"आणि हा बघा हिचा मूळ रंग," बाई म्हणाल्या. "केवढा गडद होता!"

"पण एअरबॅग तरी आहे ना?" कानताईने विचारले. "तिचा दिवा रोज लागतो आणि विझतो. मी पुस्तकात वाचलंय, तसंच व्हायला हवं म्हणून."

"बघू या. त्याआधी बॅटरी काढावी लागेल."

पुन्हा अंधार.

जाग आली तेव्हा सगळे माझ्यावर वाकून बघत होते. माझ्या सीटवर घडी घातलेला एक जुना टॉवेल पडला होता. पांढरा, निळ्या रेघांचा. तो माझ्या स्टिअरिंगच्या डबीतून निघाला होता.

"दिव्याला फसवलंय," इंजिनिअर बाई म्हणाल्या. "तारेत हा एवढासा तुकडा टोचला, की संगणकाला वाटतं पिशवी जागेवर आहे."

मी घाईघाईने संगणकाला विचारले, "पिशवी आहे का?"

तो म्हणाला, "आहे."

मित्रांनो, टॉवेल माझ्या डोळ्यांसमोर होता आणि तो अगदी प्रामाणिकपणे 'आहे' म्हणत होता. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

मला ओढतच दुकानापुढे आणून उभे केले. दुकानदार हात जोडून बाहेर आला. कानताई काही बोलणार, तोच सासूबाईंनी तिला मागे सारले.

"दादा, गाडी फार गोड आहे हो," त्या म्हणाल्या. "फक्त माझ्या कपाळाला जरा लागलं. माझंच बसायला चुकलं असेल. तुम्ही बसून दाखवा ना. डावीकडे बसा, पट्टा लावा. सून जरा वेगात नेऊन कच्चकन ब्रेक मारेल. कसं बसायचं ते मला कळेल तरी."

दुकानदार हसला. मग हसायचा थांबला. "बसलो असतो आई, पण आत गिऱ्हाईक आहे."

"मी थांबते."

"माझी कंबर धरलीय."

"मग तुमच्या मुलाला बसवा."

तो एकदम ओरडला, "नाही!"

एवढे बोलून त्याने जीभ चावली, पण व्हायचे ते होऊन गेले होते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मुलाला बसवत नाही, आणि आम्हाला विकलीत?"

दुकानदाराने मान खाली घातली. गाडी इथेच ठेवा, सगळे पैसे आत्ता परत देतो, असे म्हणाला. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. पण कानताई दुसरीकडे बघत होती. आतले गिऱ्हाईक बाहेर आले होते. एक तरुण आणि त्याची गरोदर बायको. बायको माझ्या दारावरून बोट फिरवत म्हणाली, "अहो, हा निळा किती छान आहे! ही विकायची आहे का?"

"चल, सुटलो आपण," नवरा हळूच म्हणाला.

"आपण सुटलो रे. ही कोणाच्या दारात जाईल?"

"मग काय करायचं? पुन्हा एवढी गाडी घेणं आपल्याला जमायचं नाही."

"बसने जाऊ."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले, त्या बाईच्या पोटाकडे पाहिले आणि चष्मा काढून पुसू लागला. बराच वेळ पुसला. मग दुकानदाराला म्हणाला, "इंजिन आणि चाकं तुम्ही काढून घ्या, त्यांचे जे पैसे होतील ते द्या. सांगाडा आमचा."

कानताईने त्या तरुण बायकोला माझे दार उघडून दिले आणि पट्टा तिच्या हातात ठेवला. "जोरात हिसडा मारून बघा," ती म्हणाली. "दुसरी कुठलीही गाडी घ्याल, तिचाही बघा."

माझा सांगाडा तंत्रविद्यालयाला मिळाला. पैशांची तूट भरून निघायला त्या घराला फार दिवस लागले, असे मी ऐकते. सासूबाई बसमध्ये खिडकीसाठी भांडतात, असेही ऐकते.

आता मी एका उजेडाच्या दालनात असते. इंजिनिअर बाईंनी माझी डावी बाजू वरपासून खालपर्यंत कापून उघडी ठेवली आहे. दिवे लागावेत म्हणून एक लहान बॅटरीही जोडली आहे. मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यांना दिसावे म्हणून परवा त्यांनी माझ्यासमोर एक मोठा आरसा लावला, आणि मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा मी माझे पोट पाहिले. पिवळा फेस पाहिला, ते चार डाग पाहिले. कोपऱ्यात उरलेला माझा गडद निळा पाहिला. मी किती तरी वेळ बघत राहिले. वाईट वाटले, पण त्याहून जास्त बरे वाटले. अखेर कळले तरी.

म्हणून तुम्हाला एकच विनवणी आहे. जुनी गाडी घरी आणाल, तेव्हा तिच्या रंगावर भुलू नका. तिला आधी काय झाले होते, ते विचारा. नुसता दिवा लागला म्हणून खूश होऊ नका. जाणत्या माणसाकडून तिला आतून तपासून घ्या. आम्ही गाड्या खोटे बोलत नाही, पण आम्हाला जे सांगून ठेवलेले असते, तेवढेच आम्ही सांगू शकतो.

संकोच करू नका. उघडून पाहिल्याने आम्हाला दुखत नाही.