माईचा जबाब

"आई, मध्ये पडू नकोस!" असं ओरडत राजानं टेबलावरची तापलेली इस्त्री उचलली, तेव्हा त्याची बायको कपाट आणि भिंत यांच्या बेचक्यात अंगाचं मुटकुळं करून बसली होती. तिचा ओठ फाटला होता, एक डोळा सुजून मिटला होता. निमित्त काय, तर नवरा दुपारी जेवायला आला तेव्हा ती हातातली गिऱ्हाइकाची चादर इस्त्री करून उठते म्हणाली.

माई मध्ये पडली. इस्त्री सुनेच्या तोंडाच्या रोखानं आली आणि माईनं हात आडवा घातला. चर्र असा आवाज झाला. कोपराखालची कातडी इस्त्रीलाच चिकटून निघाली. तिनं दुसऱ्या हातानं वायर ओढून प्लग उपटला.

राजानं इस्त्री खाली टाकली. मग बायकोकडे वळला. "बघ! तुझ्यापायी आईचा हात भाजला!" म्हणत त्यानं तिच्या पोटात लाथ घातली.

त्या लाथेनं माईचं ठरलं.

तिचा नवराही असाच होता. चौदा वर्षं तिनं त्याचा मार खाल्ला आणि लोकांना जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं. दर रविवारी सुजलेलं तोंड घेऊन ती चर्चमध्ये गायला उभी राहायची आणि शेजारची माणसं मान खाली घालून गायनाच्या पुस्तकात बघायची. सहन करणं म्हणजेच प्रेम, असं ती तेव्हा मानत होती. नवरा गेला, पण टेबलाखाली लपून ते सगळं बघणारं पोर मोठं झालं होतं.

राजा मोरीत तोंडावर पाणी मारायला गेला. माईनं सुनेला काखेत धरून उठवलं, बाहेर आणलं आणि दाराला कडी घातली. एका गिऱ्हाइकाचा उशीचा अभ्रा ओला करून हाताला गुंडाळला. आतून दारावर धक्के बसत होते.

"आई, कुठं नेताय मला?"

"चौकीत. चालवतंय का?"

"नाही चालवत."

"मग माझ्यावर भार टाक."

हवालदारानं दोघींना खुर्च्या दिल्या, अभ्र्याखालचा हात बघून तोंड वाकडं केलं. "मावशी, घरातली भांडणं ही. लिहून कशाला ठेवता? दोन माणसं पाठवतो, चांगला बडवून काढतील. सुतासारखा सरळ होईल."

"मारू नका त्याला," माई म्हणाली. "मार बघूनच तो असा झालाय. कायद्यात काय बसतं ते लिहा."

"कोण लागतो तुमचा?"

"मुलगा. एकुलता एक."

हवालदारानं पेनाचं टोपण काढलं.

पोलिसांनी राजाला बाहेर काढला तेव्हा अख्खी गल्ली जमली होती. एका शिपायाला त्यानं डोक्यानं धडक दिली, शिपायाचं नाक फुटलं. मग चौघांनी त्याला जमिनीवर पालथा दाबला. धुळीत गाल घासत तो किंचाळत होता, "तू आई नाहीस! वैरीण आहेस माझी!" माई गाडी वळेपर्यंत तिथंच उभी होती.

आठवड्यानं चर्चचे पाळकसाहेब आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले, मग म्हणाले, "माई, क्षमा करायला शिकवलंय आपल्याला. तक्रार मागं घ्या."

"क्षमा केली की. हाताला मलमपट्टी होत होती तेव्हाच केली. पण ती माझ्या हातापुरती. तिच्या फुटक्या ओठाची क्षमा मी परस्पर कशी वाटू? आणि त्याला सोडवून आणला, तर उद्या हातून जीव जाईल तिचा. पोटच्या पोराला खुनी होऊ द्यायचं, हे कुठलं प्रेम, साहेब?"

पाळकसाहेब उठले. दारात थांबून त्यांनी विचारलं, "तारखेला सोबत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मी येतो."

कोर्टात राजाच्या वकिलानं खोदून खोदून विचारलं, इस्त्री चुकून लागली ना? "मला चुकून लागली," माई म्हणाली. "तिच्या तोंडावर मात्र मुद्दाम चालली होती." राजाला तीन वर्षांची सजा झाली. सून बहिणीकडे दुसऱ्या गावी गेली, तिथं शिवणकामाला लागली. जायला माईनंच सांगितलं होतं, आणि मागं वळून बघू नकोस, असंही.

मग माई तुरुंगात भेटीला जाऊ लागली. चार महिने राजानं नकार कळवला. माई नाव नोंदवायची, बाकावर बसायची, परत यायची. पाचव्या महिन्यात तो आला. खुर्ची उलटी फिरवली आणि जाळीकडे पाठ करून बसला. केस बारीक कापलेले, मान वाळलेली. उरलेल्या जाळ्यांपाशी माणसं एकमेकांच्या वरताण ओरडून बोलत होती.

"ती परत यायची नाही," माई त्या पाठीला म्हणाली. "मी तिला ये म्हणणारही नाही. केलंस ते केलंस. पण मी येत राहीन, तू बोल नाहीतर बोलू नकोस."

पाठ हलली नाही. माईनं मग छत गळतंय ते सांगितलं, शेजारणीला नात झाली ते सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. सांगण्यासारखं संपलं. शिपायानं वेळ संपल्याची घंटा दिली. माणसं उठली, खुर्च्या सरकल्या. राजा उठला नाही. शिपायानं खांद्याला धरून उठवेपर्यंत तो तसाच पाठमोरा बसून राहिला.