नदी किती लांब?

सोनल माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. घरांचे विमे उतरवायचं काम तिनं नुकतंच धरलं, आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणून थेट आपल्या काकालाच गाठलं. पोरीचा धीटपणा बघा. आमच्या ह्यांना, तवनाप्पांना, एखादी गोष्ट पटवायची म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगळी नोकरी ह्यांनी बिद्रीला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली. काट्यावर दिसेल तेवढंच खरं, बाकी सगळं बाजारगप्पा, असं ह्यांचं मत निवृत्तीनंतर कोल्हापूरच्या कडेला घर बांधून राहिलो तरी ढळलेलं नाही.

मी चहा ठेवला. सोनल मोबाईलवर बघून एकेक विचारत होती. घर कधी बांधलं, भिंती कशाच्या, वर मजला आहे का. मग म्हणाली, "काका, नदी घरापास्नं किती लांब?"

"दोन किलोमीटर. आन् मधी टेकाड हाय. पाणी काय एस्टीत बसून येतंय व्हय?"

"दोन हजार एकोणीसच्या महापुरात हितं किती पाणी हुतं?"

"थेंब न्हाय. प्लॉट इकणाऱ्यानं देवाची आण घेऊन सांगितलंय, ह्या भागात कुणाच्या घरात थेंब शिरला न्हाय."

"काका, तवा हितं घरं कुठं हुती? ऊस हुता की."

मला हसू आवरेना. प्लॉटवाला बिचारा खोटं बोललाच नव्हता. घरच नाही तर पाणी शिरणार कशात? आणि उसाला कोण विचारायला जातंय, की बाबा, पाणी तुझ्या कमरेला लागलं होतं की शेंड्याला?

सोनलनं मग नीट समजावून सांगितलं. विमा भिंतींचा आणि आतल्या सामानाचाही काढता येतो, पुरानं नुकसान झालं तर भरपाई मिळते. मात्र विचारलेलं सगळं खरं सांगायचं, नाहीतर भरपाई मागताना तेच आडवं येतं. "आन् आत्ताच काढा," ती म्हणाली. "तहान लागल्यावर हीर तरी खणता येती, काका. पाणी दारात आल्यावर इमा न्हाय निघत."

"बघू," हे म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'च, फक्त पाहुण्याचा चहा संपेपर्यंत दम धरलेला.

ती गेल्यावर मी ह्यांच्याशी भांडले. ह्या घरात ह्यांच्या निवृत्तीचा पैसा गेला, माझ्या बांगड्या गेल्या. आमचं आता दुसरं काही बांधायचं वय नाही. हे घर पडलं तर आम्ही दोघं म्हातारपणी कुणाच्या तरी माडीवर, ही भीती मला रोज वाटत होती. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आठवड्याभरात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले. गंमत म्हणजे कोल्हापुरात पाऊस थांबलेला, लख्ख ऊन पडलेलं. सगळं गाव नदीवर पाणी बघायला लोटलं, हेही गेले. आमच्याकडे त्या दिवसांत कुणी कुणाला 'बरं आहे का' विचारत नाही, 'पाणी किती फुटांवर' विचारतात. हे परत आले ते खुशीत होते. "त्रेचाळीसला टेकलंय, धोक्याला. पर ते तिकडं. आपल्याकडं बघ, पापड वाळत घाल."

मी भांडी घासायला परसात गेले. आमच्या कुंपणामागून एक ओढा जातो. नाव ओढा, काम गटाराचं. वर्षभर त्यात काळं पाणी खळखळत उजवीकडे, नदीच्या दिशेनं जातं, आणि त्या आवाजाची इतकी सवय झालेली की तो आहे हेही कळत नाही. त्या दुपारी मला कळलं, कारण तो नव्हता. सगळं कसं चिडीचूप.

मी कुंपणापाशी गेले. केसांतला कालचा गजरा सुकला होता, तो काढून नेहमीसारखा ओढ्यात टाकला. तो उजवीकडे जाईना. जागच्या जागी हलत राहिला. आणि मग हळूहळू डावीकडे निघाला, जिकडून ओढा येतो तिकडे, चढाला. साठ वर्षं पाणी बघते आहे, पण पाणी माघारी फिरताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," मी हाक मारली, "जरा या हिकडं."

ह्यांनी आधी मला वेड्यात काढलं. मग पेरूची एक काटकी मोडून स्वतः टाकली. ती गजऱ्याच्या मागोमाग गेली. दुसरी टाकली, तीही गेली. तेवढ्यात नदीच्या बाजूनं तांबडं पाणी आलं. गढूळ, जाड, राधानगरीची माती घेऊन. जराही आवाज न करता ते आमच्या काळ्या पाण्याला मागे ढकलत निघालं.

तेव्हा मला उमगलं. नदी इतकी फुगली होती की ओढ्याला तिच्यात शिरायला जागाच उरली नव्हती, उलट तीच ओढ्यात शिरली होती. टेकाड आडवं होतं ते पुढून. ही मागच्या दारानं आली. रागानं नाही, घाईनं नाही. माहेरवाशीण परसातून घरात येते तशी. मला भीती वाटली खरी, पण त्याहून जास्त, हात जोडावेसे वाटले. मी जोडले. शेजारी बघते तर मंदिराबाहेर कधी हात न जोडणारे आमचे हे, हात जोडून उभे.

पाणी पेरूच्या बुंध्यापर्यंत आलं, धुण्याचा दगड बुडाला, आणि नशीब आमचं, पायरीशी येऊन थांबलं. पुढं नदी उतरली तसं तेही गेलं. ओढा पुन्हा काळा झाला, पुन्हा खळखळायला लागला. पायरीवर तेवढी तांबड्या मातीची रेघ राहिली. मी ती पुसायला गेले तर हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे." वाकून त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं, आणि घरात येऊन सोनलला फोन लावला.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारलं. मग म्हणाली, "नदी दोन किलोमीटर, न्हवं का?"

"न्हाय. परसात."

"काका, मागच्या खेपेला दोन किलोमीटर म्हणला हुता की. परसात म्हणल्यावर हप्ता वाढंल."

"वाढू दे. खरं हाय ते लिही," हे म्हणाले. खिडकीतून ते ओढ्याकडंच बघत होते. "आमी जातो तवा दोन किलोमीटर. ती यायची म्हणली तर परसात हाय."