टबातल्या रेघा

"हे खिळ्यानं कुणी ओरखडलंय?" मेघनानं पत्र्याचा टब उजेडाकडे कलता केला.

शेजारच्या सुलभामावशी दारातच थांबल्या होत्या. आई जाऊन दीड महिना झाला, तोवर त्यांनी विषय काढला नव्हता. पण कंबर आता ऐकेना, कटिस्नानाचा टब मिळेल का, असं त्यांनी संकोचून विचारलं होतं.

कमरेपुरत्या गार पाण्यात बसायचा हा उपचार जर्मनीतून पुस्तकांवाटे इथल्या घरांत शिरला, हे मेघनानं वाचलेलं होतं. आजोबांनी असंच काही वाचून बेगम बाजारातून हा टब बनवून आणला, पाठ टेकायला मागून उंच. शाळेतून निवृत्त झाल्यावर आईनं तो माळ्यावरून काढला आणि गल्लीतल्या बायका पाळीपाळीनं येऊ लागल्या. पुण्याहून फोनवर मेघना त्यावरून आईची थट्टा करायची. पण आतल्या या आडव्या रेघा, प्रत्येकीपुढे एक अक्षर, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

"ते तुझ्या आईनं, लीलाताईंनी केलेलं माप," मावशी म्हणाल्या. "बसल्यावर पाणी बेंबीपर्यंत यायला होना, कमी-जास्ती नक्को. माझ्यासारखी जाडी असली की थोडंच भरायचं. हा बघ माझा 'सु', सगळ्यांच्या खाली."

"आणि बारीक माणसाला?"

"जास्ती. अंगच नाही तर पाणी चढेल कशानं?"

मेघनाचं बोट रेघांवरून वर सरकत गेलं. 'ली' पाच ठिकाणी होता. पहिला मावशींच्या जरासा वर, दुसरा त्याहून दोन बोटं वर. शेवटचा पुढच्या काठाला जवळजवळ टेकलेला. दर रविवारी आई सांगायची, मजेत आहे, उगाच धावपळ करू नकोस.

"तुम्हाला माहीत होतं?"

मावशींनी पदर सारखा केला. "बोलू नक्को म्हणाल्या. नोकरी सोडून येईल म्हणे, परेशान होऊन."

टब उद्या सकाळी पोचवते, असं मेघनानं सांगितलं.

मावशी गेल्यावर तिनं तो न्हाणीघरात नेला. सगळ्यांत वरच्या 'ली'पर्यंत पाणी भरलं, आणि आत बसली.

पुढच्या काठावरून पाणी भसाभस सांडलं, मोरीकडे वाहत गेलं. त्याचा आवाज थांबेपर्यंत ती हलली नाही.