दीपमालाचे बासष्ट टक्के

दुपारी चार वाजले की शकुन काहीतरी मागायच्या निमित्ताने धाकट्या जावेच्या खोलीत डोकावायची. कधी सेफ्टी पिन, कधी चिमूटभर चहापत्ती. खरं काम वेगळंच असायचं. पलंगावर दीपमालाचा फोन पडलेला असायचा, त्यावर हळूच बोट टेकवायचं आणि बॅटरीचा आकडा वाचायचा. बासष्ट. एखाद्या दिवशी अठ्ठावन्न. शकुनचा स्वतःचा फोन त्या वेळेला नऊ टक्क्यांवर शेवटचे आचके देत असायचा.

तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोन्ही फोन एका कंपनीचे, एका रंगाचे, एकाच दिवशी दर्यापूरच्या एकाच दुकानातून आणलेले. मग हिचा दिवसभर चालतो आणि आपला चार वाजताच मान टाकतो, हा कुठला न्याय?

न्यायाचं म्हणाल तर त्या घरात तो जरा जास्तच होता. सासरे किसनराव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. दोन सुनांना साड्या घ्यायच्या तर एकाच काठाच्या, बांगड्या घ्यायच्या तर मोजून तेवढ्याच. शिवाय वाटणीची जुनी रीत: थोरलीने वाटे करायचे, धाकटीने आधी उचलायचं. वाटे करणाऱ्याच्या मनात मग खोट राहत नाही, असं ते म्हणत. फोन आले तेव्हाही शकुननेच दोन खोकी पलंगावर मांडली आणि दीपमालाने त्यातलं एक उचललं. झालं, तेव्हापासून शकुनच्या डोक्यात एकच: चांगला तिने नेला, उरलासुरला माझ्या गळ्यात पडला. जावाजावा उभा दावा म्हणतात तो काही उगाच नाही.

शकुन घरीच ब्लाउज शिवायची. पत्र्याखालच्या खोलीत मशीन, बाजूला इस्त्रीचं टेबल आणि दोन्हींना मिळून एकच विजेचा बोर्ड. फोनचा चार्जर तिथेच लावलेला, फोन इस्त्रीच्या कोमट घोंगडीवर. चार्ज होता होता त्यावर गळ्यांच्या डिझाइनचे व्हिडिओ चालू. रात्री तोच फोन वायरीसकट उशीखाली. दीपमाला मेडिकलच्या दुकानात दुपारपर्यंत काम करायची. तिची तऱ्हा न्यारी. आंघोळीला जाताना फोन लावायची, ऐंशीच्या आसपास गेला की काढायची. उन्हाळ्यात चार्ज करताना कव्हरही काढून ठेवायची.

"ताई, इस्त्रीपाशी नोका ठेवू फोन," ती एकदोनदा नव्हे, चार वेळा म्हणाली होती. "गरमीनं बॅटरी खराब होते."

"तू मले शिकवून राहिली काय?" शकुनने प्रत्येक वेळी तिला उडवून लावलं. ऐंशीवर वायर काढणं तिला निव्वळ चोचले वाटायचे. ताट वाढलंय तर पोटभर खावं ना!

मग अमरावतीच्या एका नवरीचं अकरा ब्लाउजांचं काम आलं. नवरीच्या आईने तीनदा फोन लावला, शकुनचा बंद. शेवटी तिने दीपमालाला लावला. दीपमालाने सगळी मापं कागदावर सुवाच्य लिहून घेतली आणि संध्याकाळी थोरलीच्या हातात दिली. काम शकुनलाच मिळालं. पण त्या कागदाकडे पाहून तिच्या पोटात असं दुखलं की आभार राहिले बाजूला, चार दिवस ती धाकटीशी धड बोलली नाही.

बुद्धपौर्णिमेला घरात पाहुणे होते, हातात खिरीच्या वाट्या होत्या. सगळ्यांदेखत शकुन सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, फोनची अदलाबदल करून द्या. चांगला हिनंच उचलला होता."

किसनरावांचा चेहरा उतरला. "उचललेला वाटा परत होत नाही, बाई."

"घ्या ना ताई," दीपमाला म्हणाली आणि तिने तिथल्या तिथे फोन पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दर्यापूरच्या दुकानदाराने सिमं बदलली, फोटो इकडचे तिकडे केले आणि जाता जाता सांगितलं, की शकुनकडे आलेल्या फोनच्या बॅटरीची हेल्थ, म्हणजे उरलेली ताकद, चौऱ्याण्णव टक्के आहे, दीपमालाकडे गेलेल्याची एकाहत्तर. शकुनला जग जिंकल्यासारखं झालं. महिनाभर चार वाजता तिच्या फोनवर साठ दिसायचे आणि ती मशीनवर गाणी म्हणायची.

पुढे दिवाळीत पन्नास राहिले. संक्रांतीला चाळीस. एप्रिल लागला, पत्रा तापला, आणि फोन पुन्हा दुपारीच मान टाकू लागला. दीपमाला मात्र तो जुना एकाहत्तरवाला फोन दोनदा थोडाथोडा चार्ज करून संध्याकाळपर्यंत नेत होती. शकुनने पक्कं ओळखलं: हिने चोरून नवी बॅटरी टाकली, आणि मला देताना चांगल्या फोनमध्ये काहीतरी बिघाड करून दिला. हे ती सासऱ्यांच्या तोंडावर बोलली.

किसनराव म्हणाले, "दोघी अकोल्याले जा. जुन्या शहरात फोन दुरुस्तीवाला मोहसीन हाय, तो कोनाची बाजू घेत नाही. दीपमालानं काही केलं असंन तर मी हात जोडून तुही माफी मागीन. नसंन तर ‘मले कमी भेटलं’ हे या घरात पुन्हा म्हनायचं नाही."

जीपमध्ये दोघी शेजारी बसल्या आणि अकोल्याला मोहसीनच्या दुकानात पोचल्या.

मोहसीनने दोन्ही फोनची पाठ उघडली, भिंगाखाली धरली. "दोन्ही बॅटऱ्या कंपनीच्याच हायेत, बाई. सील जसंच्या तसं. आजपर्यंत कोनी खोललेच नाही." मग त्याने वायर जोडून आकडे पाहिले. "हा एकोणसत्तर."

तो दीपमालाकडचा. अकरा महिन्यांत एकाहत्तरवरून फक्त दोन उतरले होते.

"अन् हा त्र्याहत्तर. पहिले किती होता?"

"चौऱ्याण्णव," दीपमाला म्हणाली.

"या अल्ला! चुलीवर ठेवत होत्या काय? याले गरमी लागली हाय. रातभर फुल करून वायरीवर ठेवा, दिवसा झीरो होऊ द्या, मंग बॅटरी अशीच मरते. कोनाचा हाय हा?"

तेवढ्यात शेजारून आवाज आला, "माहाच हाय, भाऊ. मीच ठेवते उन्हात."

शकुनने चमकून पाहिलं. दीपमाला खाली मान घालून पर्सची चेन लावत होती. शकुनला आभार वाटायला हवे होते. वाटली ती आग. घरात, दुकानात, सासऱ्यांच्या मनात सगळीकडे चांगली हीच. आता माझी चूकही हीच पदरात घेणार आणि त्यातही मोठी होणार? मला काहीच नको ठेवायला?

"खोटं सांगून राहिली ते," शकुन एवढ्या मोठ्याने बोलली की बाजूच्या दुकानातल्या बाया वळल्या. "तो माहा हाय. अन् हा एकोणसत्तरवालाही पहिले माहाच होता. दोन्ही माह्याच हातानं मेले."

मोहसीनने दोन्ही फोन बंद करून काउंटरवर ठेवले.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. रसवंतीच्या सावलीत दोघी थांबल्या. शकुनचे डोळे भरून आले होते, पण ते जावेला दिसू नयेत म्हणून ती रस्त्याकडे पाहत होती.

"मामाजींले मीच सांगीन," ती म्हणाली. "तू मधात बोलू नोको."

"नाही बोलत."

"तुह्यासारखा कसा टिकवू, ते सांग आता."

दीपमालाने ग्लास खाली ठेवला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा आवाज तिखट झाला. "चार वेळा सांगतलं होतं, ताई. तुमी ऐकलं नाही. उलटं मामाजींसमोर मले चोर केलं."

शकुनने मान हलवली. हा राग शकुनच्या हक्काचा वाटा होता, आणि तो मिळाल्यावर तिला कसं हलकं हलकं वाटलं.

"केलं," ती म्हणाली. "पाचव्यांदा सांग."