काळूचं रक्त आणि पापलेटं

मी बर्फाचा डबा बोलतोय. निळ्या अंगाचा, पांढऱ्या झाकणाचा. मला हळू बोलायची सवय आहे आणि रागावणं माझ्या स्वभावात नाही. पण आज मी रागावूनच बोलणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात काय ठेवणार, हे मला ठाऊक नव्हतं. डहाणूच्या एका संशोधन केंद्रात आलो आणि हेतलबेनच्या हाती पडलो. ती घोलवडच्या चिकूवाल्यांची मुलगी, शिकून डॉक्टर झालेली. साथीच्या आजारांचा माग काढणं हे तिचं काम. ताप कुठून येतो, कुणाला धरतो, कुणाला सोडतो, हे विचारत ती फिरायची. तिच्याबरोबर शिकलेले शहरात गेले, मोठे झाले. ही तलासरीच्या पाड्यांवरच राहिली. माझ्या पट्ट्याचा वळ तिच्या खांद्यावर कायमचा उठला.

रक्त घेताना ती एकच शब्द द्यायची, "काय निघालं ते सांगायला मी परत येईन." आणि यायची. म्हणून तर लोक हात पुढे करायचे.

एका वर्षी पावसाळा सरताना, माळावर गवत कापायला गेलेली माणसं तापाने पडू लागली. मलेरियाच्या गोळ्यांनी ताप हटेना. पाड्यावरच्या बायजीचा मुलगा काळू तर उठेचना. त्याच्या काखेत काळी खपली होती, विडीचा चटका बसावा तशी. हेतलबेनला गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणाऱ्या तापाचा संशय आला. त्या तापावरची गोळी साधीच होती. पण रक्तात पुरावा सापडल्याशिवाय ती पाड्यावर वाटायला वरचे लोक तयार नव्हते. तिने काळूचं रक्त घेतलं, त्याला दवाखान्यात पाठवलं आणि मला केंद्रात आणून ठेवलं. रक्त शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायला वरच्यांची सही लागायची, ती घ्यायला ती दुसऱ्या कचेरीत गेली.

नेमके त्या दिवशी शहरातून मोठे पाहुणे आले होते. आमच्याकडे पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. धाकट्या डहाणूच्या कोळीवाड्यातून ताजी पापलेटं आणली होती. बर्फ होता, डबा नव्हता.

"धर्मेश, तो निळा घे ना," जतीनसाहेब ड्रायव्हरला म्हणाले. केंद्राचे प्रमुख ते.

"साहेब, त्यात रक्त आहे."

"अरे, नळ्या काय पळून जातायत? ठेव खिडकीत."

ऊन थेट त्या खिडकीतच यायचं. मी पापलेटं पोटात घेऊन पाहुण्यांच्या गाडीत बसलो. मला तोंड असतं तर महामार्गभर ओरडत गेलो असतो.

परत आलो तेव्हा नळ्यांतलं रक्त नासलेलं होतं, आणि काळू दवाखान्यात वारला होता. हेतलबेनने माझं झाकण उघडलं, तिला वास आला आणि ती जमिनीवरच बसली. काळूचं रक्त आता दुसऱ्यांदा कुठून आणणार?

मला घेऊन ती पाड्यावर गेली. खोटं बोलली नाही. बायजीने माझ्यात डोकं घालून हुंगलं.

"पापलेट होतं काय?"

"हो, बायजी."

"माझ्या काळूनं जन्मात पापलेट खाल्लं नाय. बोंबील खाल्ला, तो पण सुका. आन् त्याच्या रगताची जागा पापलेटानं घेतली?"

 आतून काळूच्या बायकोचं, रविनाचं कण्हणं ऐकू येत होतं. तिलाही ताप चढला होता. बायजी आत जाऊन सुनेच्या कपाळाला हात लावून आली. मग म्हणाली, "हिचं रगत घे. पण डबा मी धरणार. पार तिथवर."

हेतलबेनने रक्त घेतलं आणि वरच्यांना न विचारता रविनाला तिथेच पहिली गोळी दिली.

बायजी मला मांडीवर घेऊन गाडीत बसली, दोन्ही कोपरं झाकणावर रोवून. महामार्गावर चारोटी नाक्याला धर्मेश म्हणाला, "डबा ठेव बायजी, चहा पिऊन घे."

"चा इथंच आण. तुझ्या सायबाला भूक लागली तर?"

शहरातल्या प्रयोगशाळेच्या दारात शिपाई म्हणाला, "आजी, तुम्ही आत जायचं नाही."

"मंग रगत पण बाहेरच बसंल."

शेवटी तिला आत सोडलं.

तोच ताप निघाला. गोळ्या पाड्यापाड्यांवर पोचल्या. रविना उठली, चालू लागली. सांगायला हेतलबेन परत आलीच.

मग शोधनिबंध लिहिला गेला. जतीनसाहेबांनी त्यात घातलं, 'तांत्रिक कारणामुळे काही नमुने बाद झाले.' हेतलबेन म्हणाली, "खरं लिहा, नाहीतर माझं नाव काढा." त्यांनी तिचं नाव काढलं. या कामाला मात्र कुणाची सही लागली नाही.

तांत्रिक कारण! त्या कारणाला खवले होते हो. एका माणसाचं शेवटचं रक्त खिडकीत उकळलं, आणि कागदावर त्याची मासळीएवढीही किंमत उरली नाही.

मी आता केंद्रात नसतो. बायजीने मला परत दिलंच नाही. काळूचा विळा भिंतीला टांगलाय, त्याच्याखाली माझी जागा आहे. हेतलबेन अजून पाड्यांवर फिरते. रक्त न्यायचं असलं की बायजीकडून मला मागून घेते आणि आठवणीने आणून देते. माझी कडी सैल झाली आहे, झाकण सुतळीने बांधावं लागतं.

रक्त मागायला येणाऱ्या शिकलेल्या माणसांनो, जरूर या. उत्तर घेऊन परतही या. बायजी हात पुढे करील. पण त्याआधी ती सुतळी सोडेल, माझं झाकण उघडेल आणि आत डोकं घालून हुंगेल. तोवर तुम्ही उभे राहा.