सँडमार्टिन बोटीवरचा पंप

मी एक पंप आहे. बोटीवरचा, रॉकेलवर चालणारा. आज पांझरा नदीकाठच्या गावात पडून असलो, तरी माझी उमेदीची वर्षं समुद्रावर गेली.

इंग्रजांच्या आरमारात सँडमार्टिन नावाची चिमुकली युद्धनौका होती. शत्रूनं पाण्यात पेरलेले सुरुंग शोधून उडवायचे, हे तिचं काम. गारठलेल्या उत्तर समुद्रात तिनं वाट साफ करावी आणि मागून मोठमोठ्या जहाजांनी मिरवत यावं! पुढे तिला इकडे धाडलं. कराचीला धुळ्याकडचा चुडामण इंजिनावर रुजू झाला. टॉम नावाचा गोरा मिस्त्री त्याला हातवारे करून काम शिकवी, आणि चुडामण त्याला अहिराणी शिव्या. दोघं खदखदून हसत.

ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यालगत एक सुरुंग आमच्या पोटाखालीच फुटला. इंजिनघरात पाणी शिरलं. चुडामण वर मला चालवत होता. टॉम खाली कमरभर पाण्यात उभा राहून माझ्या नळीच्या तोंडाशी अडकणारा कचरा काढत होता. अचानक मधली भिंत फुटली. बोट तरली; टॉम खालीच राहिला.

युद्ध संपलं. सत्तेचाळीस साली सँडमार्टिन मुंबईत तोडायला काढली, तेव्हा चुडामणनं मला मागून घेतलं. गावी बैलगाडीतून मला उतरवलं, तशी नव्या लुगड्याची वाट पाहणारी त्याची बायको भिकुबाई म्हणाली, "माले वाटनं, लुगडं लई येशात!"

मग मी मिरची-वांग्यांना पाणी पाजू लागलो. खारट तोंड गोड झालं.

एका उन्हाळ्यात चुडामणचा चुलतभाऊ वना विहीर खोल करत होता. दरड सरकली, त्याचा पाय दगडाखाली अडकला आणि त्यातच झरा फुटला. मला ओढत तिथे नेलं. पण गाळानं माझी नळी तुंबू लागली.

"पानी छातीलगून उनं, भाऊ!" वना ओरडला.

"घाबरू नको. मी आठेच शे!" चुडामण म्हणाला. नुसतं 'इथेच आहे' म्हणून तो थांबला नाही; मला भिकुबाईच्या हवाली करून दोरावरून खाली उतरला आणि बुड्या मारमारून गाळ उपसत राहिला. भिकुबाई माझ्या टाकीत रॉकेल ओतत होती.

पाणी उतरलं. पहारीनं दगड हलवला. दोघंही वर आले.

चुडामण मला टेकून ढसाढसा रडला. "आज टॉम वर उना," एवढंच म्हणाला. टॉम कोण, हे भिकुबाईनं रात्री विचारलं, तेव्हा त्यानं तिला ते पहिल्यांदा सांगितलं.

आता साठ साल आहे. विहिरीवर विजेची मोटर आली. माझ्या अंगावर कोंबड्या बसतात. तक्रार नाही. पण सँडमार्टिनचं नाव घेणारा इथे चुडामणभाऊ एकटाच, आणि त्याला कुणी काही विचारत नाही. मला खुशाल भंगारात घाला. त्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा, बाबांनो. त्याला समुद्र सांगू द्या.